सूर्यावर बसलेली माशी

एप्रिल लागला की पेपरात तो सल्ला छापून येतो. दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, डोक्याला रुमाल बांधा, ताक प्या. शेजारी सूर्याचं चित्र असतं, गाल फुगवलेलं, कपाळाचा घाम पुसणारं. ते पाहिलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. चोवीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली आणि गेली नऊ वर्षं रोज सूर्य काढते आहे, पेन्सिलीनं, तळहाताएवढ्या वर्तुळात. त्याला गाल नाहीत. आमच्याकडं त्याला सकाळी पाणी देतात, दुपारी शिव्या देतात, संध्याकाळी त्याच्याकडं पाठ करून खुर्च्या टाकतात. एकदा नीट बघा तरी, म्हटलं की मात्र सगळे दहा पावलं मागं सरकतात.

आमची इमारत सिडकोतली, तीन मजल्यांची. उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊ गच्ची माझी आणि कुरडयांची. त्या वेळात स्लॅब तापलेला नसतो, हवा स्थिर असते आणि दुर्बिणीत सूर्याची कड सुरीनं कापल्यासारखी दिसते. नऊ वाजले की गच्चीतून वाफा निघायला लागतात आणि तीच कड उतू जाणाऱ्या दुधासारखी हलते, मग काही खरं नाही. कुरडया घालणाऱ्या बायकांनाही हीच वेळ लागते, कारण गव्हाचा चीक गरम आहे तोवर सोऱ्यातून काढावा लागतो. त्यामुळं जागेवरून आमची दर उन्हाळ्यात एक-दोनदा जुंपते. माझ्या दुर्बिणीच्या तिकाटण्याच्या पायाशी कुणीतरी मुद्दाम साडी अंथरून ठेवतं, मी ती उचलते, मग खालपर्यंत आवाज जातो. ओल्या चिकाचा आंबूस वास, डांबराच्या पट्ट्यांचा वास आणि पाण्याचा दिवस असेल तर टाकी भरतानाची ती घरघर, एवढं मिळून माझा उन्हाळा होतो.

दुर्बीण लहान आहे. हाताएवढी लांब, तोंड चहाच्या बशीपेक्षाही लहान. तोंडावर चंदेरी पापुद्रा बसवलेली चकती असते. ती आधी उलटसुलट करून उजेडाकडं धरायची, सुईच्या टोकाएवढंसुद्धा भोक दिसलं तर त्या दिवशी सूर्य नाही. नेम धरायची छोटी दुर्बीण काढून घरीच ठेवायची. मग मोठी नळी फिरवत राहायची आणि बघायचं तिच्या सावलीकडं. सावली आखडून आखडून गोल झाली की नेम लागला. "आधी झाकण, मग डोळा," असं मी रोज मोठ्यानं म्हणते, गच्चीवर एकटी असले तरी म्हणते. नऊ वर्षांत माझ्या दुर्बिणीतून कुणाच्या डोळ्याला इतकंसुद्धा झालेलं नाही. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण गंगापूरपासून कन्नडपर्यंत आमच्या नात्यागोत्यात लोक वेगळंच सांगतात.

तीन उन्हाळ्यांमागची गोष्ट. माझे सासरे, आबा, डोळ्याच्या इलाजासाठी आमच्याकडं राहायला आले. गाव कन्नडकडचं, घाटाखालच्या माळावरचं. जन्म मेंढरांमागं गेलेला, पुढं थोडी शेती. काचबिंदूनं एक डोळा आधीच पुरता गेला होता आणि दुसऱ्यात उरली होती एक नळी. म्हणजे समोरच्या एसटीची पाटी ते वाचायचे आणि शेजारच्या पलंगाला धडकायचे. कडेचं सगळं काळं, मधलं तेवढं लख्ख. डॉक्टरांनी डोळ्यातला दाब कमी करायला ऑपरेशन सांगितलं होतं, पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली होती. आबांना सोबत म्हणून माझी नणंद, शांताआक्का, गंगापूरहून आली होती. आक्का म्हणजे आमच्या घरातलं शेवटचं कोर्ट.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी आबा कठडा धरत धरत गच्चीवर आले. एप्रिलात खांद्यावर घोंगडी. मी डोक्यावर काळं फडकं घेऊन दुर्बिणीला डोळा लावून बसले होते, बाहेरचा उजेड डोळ्यात येऊ नये म्हणून. त्यांनी विचारलं काय चाललंय. मी सांगितलं, सूर्यावरचे डाग काढते. त्यांनी खांद्यावरची घोंगडी सावरली. मग कुरडयांच्या दोन साड्यांमधल्या जागेत उकिडवे बसले आणि एक गोष्ट सांगितली, जी गावात सगळ्यांना माहीत होती आणि मला पंचवीस वर्षांच्या संसारात कुणी सांगितली नव्हती.

विशीत असतील तेव्हा. पाऊस नसलेलं साल, माळावर नुसती धूळ. दिवस मावळायला मेंढरं वळवताना सूर्य धुळीत इतका लाल आणि निस्तेज झाला होता की सरळ बघता येत होतं. आणि त्यावर त्यांना काळं काहीतरी दिसलं. डोळे चोळले, तरी तिथंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा, थोडं सरकलेलं. त्यांनी वाडीवर येऊन सांगितलं की सूर्यावर माशी बसली आहे. झालं. लोक पोट धरून हसले. तेव्हापासून नाव पडलं माशीवाला. लग्नाच्या बोलणीत निघालं, सोसायटीच्या निवडणुकीत निघालं. स्वतःची पोरंसुद्धा हसायची, आक्का सगळ्यात पुढं. आबा काही कबूल करत नसले की लोक म्हणायचे, याला सूर्यावरची माशी दिसते पण समोरची म्हैस दिसत नाही.

माझ्या अंगाची आग आग झाली. अहो, मोठा डाग असला आणि धूळ दाट असली की तो नुसत्या डोळ्यांना दिसतो! तो सरकतोही, कारण सूर्य स्वतःभोवती फिरतो. हा माणूस मेंढरं राखता राखता ते बघून आला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पडताळून आला, आणि पन्नास वर्षं त्याची टिंगल झाली. मी त्यांना म्हटलं, आबा, तुम्ही पाहिलात तो डागच होता. त्यांनी माझ्याकडं तोंड केलं, मान थोडी फिरवून मला त्यांच्या नळीत बरोबर मधोमध घेतलं आणि विचारलं, "मपल्या डोळ्यानं परत बघता यील का? एकडाव?"

येईल, मी म्हटलं. आणि खरंच आलं असतं. नीट समजून घ्या म्हणजे माझा संताप समजेल. दुर्बिणीत सूर्य दिसतो तो मधोमध, लहानसा, भोवती सगळा अंधार. आबांच्या डोळ्यात उरलं होतं तेही मधोमध, भोवती अंधार. त्या म्हाताऱ्याच्या उरलेल्या नजरेला साऱ्या दुनियेत एखादी गोष्ट अगदी मापाची असेल, तर ती माझ्या दुर्बिणीतला सूर्य होती. त्यांनी घोंगडी काढून माझ्या डोक्यावर टाकली, म्हणाले, फडक्यातून उजेड गळतो, हे घे. आत लोकरीचा, तंबाखूचा आणि मेंढरांचा वास होता आणि गच्च अंधार. इतका स्वच्छ सूर्य मला त्याआधी कधी दिसला नव्हता.

रात्री जेवताना मी शहाणीनं घरात विषय काढला. आक्काच्या हातातला घास हातात राहिला. एक डोळा राहिलाय, तो पण घालवायला निघालीस काय, इथून सुरुवात झाली. ग्रहणात बघून आंधळा झालेला त्यांच्या आळीतला कुणीतरी निघाला. मी पापुद्र्याचं सांगितलं, त्यातून चंद्राइतकाच उजेड येतो म्हणून सांगितलं, हवं तर डॉक्टरांना विचारा म्हटलं. आक्का म्हणाली, असलं डॉक्टरला विचारायलाही लाज वाटेल. माझा नवरा वाळूजच्या कंपनीत आयुष्यभर यंत्रं दुरुस्त करत आला आहे, भिंगाचं त्याला कळतं. तो ताटात बघत म्हणाला, "उगा कशाला? उद्या काही झालं तर आपल्यावर येईल." आबा भाकरी कुस्करत राहिले.

मी आक्काला आणि नवऱ्याला विचारायचंच नव्हतं. सकाळी सातला नवरा पहिल्या पाळीला गेलेला असतो, आक्का आंघोळीला. आबांचा हात धरून गच्चीवर न्यायचं, दोन मिनिटांचं काम. मी नाही नेलं. मी घाबरले. ऑपरेशनात उद्या काहीही होऊ शकतं, आणि झालं तर ते माझ्या नावावर लागेल, हा हिशोब मी केला. आक्काचा राग येतो मला, नवऱ्याचाही येतो, पण पहिला नंबर माझाच आहे.

आणखी एक गोष्ट केली, ती तर फक्त आमच्यासारखी वेडी माणसंच करतात. त्या वर्षी सूर्याच्या अंगात आलं होतं, डागांना तोटा नव्हता, पण सगळे बारीक, तिळाएवढे. मला वाटलं, पन्नास वर्षांनी बघणार, तर झकास दिसायला हवा. आणि एका सकाळी पूर्वेच्या कडेला एक मोठा काळा डाग उगवला. कडेला असला की तो चेपलेला दिसतो, आडवं धरलेल्या नाण्यासारखा. सहा दिवसांत फिरत फिरत मध्ये येतो आणि मग खरा, गोल, दोन रंगांचा दिसतो. मी आबांच्या कानात सांगितलं, आलाय, मोठा आहे, पण सहा दिवस थांबा, मध्ये येऊ द्या, तोवर मी घरच्यांनाही वळवते. ते म्हणाले, सहा दिस तर सहा दिस. चित्र सुंदर यावं म्हणून चित्रकलेच्या बाई थांबल्या.

चौथ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला की कुणाचा तरी नंबर रद्द झालाय, तुमच्या पेशंटला उद्या पहाटेच आणा. सगळे खूश. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि नळी बंद झालेली होती. दवाखान्याची चूक नव्हती. इतक्या पुढं गेलेल्या काचबिंदूत कधीकधी उरलेली नजरही जाते, हे त्यांनी सही घेताना सांगितलं होतं. पट्टी निघायच्या दिवशी सकाळी मी सूर्य काढून गेले होते. डाग बरोबर मध्यावर होता. त्याच्या मधल्या काळ्या भागावर मी पेन्सिल इतकी दाबली की कागदाला खळगा पडला. परत निघताना मी डॉक्टरांना गाठून विचारलं, दुर्बिणीतून दाखवलं असतं तर अपाय झाला असता का. ते म्हणाले, झाकण नीट असेल तर काहीच नाही. मग म्हणाले, तुमच्या मिस्टरांचे आणि नणंदेचे डोळे वर्षाला तपासत जा, हा आजार घरात उतरतो.

आठवड्यानं गावाकडची माणसं भेटायला आली. चहा झाला. एक चुलतभाऊ, सत्तरी गाठलेला, अशा वेळीसुद्धा त्याची जीभ वळवळली. म्हणाला, माशीवाल्या, आता रे कसं व्हायचं तुझ्या माशीचं? मी स्वयंपाकघराच्या दारात होते. आबा पलंगावर ताठ बसले आणि म्हणाले, "पाहिली की. सुनंनं दावली दुर्बिणीतून, आप्रेशनच्या आधी. माशीच व्हती. तुम्ही समदे येडे."

त्या चुलतभावाची मान खाली गेली. मी आबांच्या चेहऱ्याकडं बघितलं. पन्नास वर्षांचं काहीतरी उतरलं होतं तिथून. आणि मग आक्का उठली. तिनं मला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. म्हाताऱ्याचे डोळे तूच खाल्लेस, एवढं पुरे. म्हणजे बघा, ज्या आळाला भिऊन मी त्यांना सूर्य दाखवला नाही, तो आळ पुरताच्या पुरता माझ्यावर आला, आणि त्यांनी सूर्य पाहिलेलाही नव्हता.

मी एका वाक्यात सुटले असते. नाही दाखवला, म्हाताऱ्याला विचारा. पण मग ते परत माशीवाले झाले असते, शिवाय आंधळे, शिवाय खोटारडे. मी तोंड शिवून घेतलं. कन्नडच्या बाजारात पारावर आता लोक त्यांना बसवून विचारतात, आबा, सूर्य जवळून कसा असतो हो? ते सांगतात, चंद्रागत थंड दिसतो, बरोबर मी सांगितलं तसं. आणि लग्नाकार्यात बायका माझ्याकडं बोट दाखवतात, ती बघ, सासऱ्याला सूर्य दाखवणारी. शाळेत दरवर्षी मी मुलांना गच्चीवर सूर्य दाखवायचे. दोन पालक येऊन गेले आणि मोठ्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, यंदा राहू द्या. यंदाचं दरवर्षी झालं. मुलं आता फळ्यावर गाल फुगवलेला सूर्य काढतात.

तर यंदाचा एप्रिल. आबा उन्हाळ्यापुरते आमच्याकडंच असतात. आक्का आठ दिवस आली, आणि एका सकाळी कुरडया उचलायला म्हणून गच्चीवर चढली. मी दुर्बिणीपाशी होते, आबा टाकीच्या सावलीत खुर्चीवर. आक्का समोर बघत सरळ चालत आली आणि डाव्या अंगाला शेजारणीच्या कुरडया वाळत होत्या, त्यांवरून कडाकडा पाय देत गेली. थांबून म्हणाली, हितं कुणी ठेवल्यात ह्या? कुरडयांखालची साडी लालभडक होती. मला आठवलं, आल्यापासून ती दाराच्या डाव्या चौकटीला दोनदा धडकली होती, ताटातलं डावीकडचं मीठ मागत होती. मी म्हटलं, आक्का, आज डोळे दाखवायला जाऊ. नवऱ्याला मी दरवर्षी ओढत नेते, त्याचे ठीक आहेत. ही तीन वर्षांत एकदाही आली नव्हती. ती हसली आणि म्हणाली, "माझे कशाला जातील? म्या थोडंच तुझ्या नळीत डोस्कं घातलं?"

तीन वर्षांचा राग असा वर आला की हातातली पेन्सिल मोडली. तो आक्कावर निघाला नाही, आबांवर निघाला. मी त्या म्हाताऱ्या, आंधळ्या माणसासमोर जाऊन उभी राहिले आणि ओरडले. म्हटलं, "आबा, तुमचा शब्द राखायला मी तोंड शिवून बसले. आता त्या शब्दापायी हिचे डोळे जातायत. तुम्ही बोला, नाहीतर मी बोलते." गच्चीवरच्या बायका सोरे धरून थांबल्या. मला माझी लाज वाटली, पण मी शब्द मागं घेतला नाही.

आबा बराच वेळ तळहातावर अंगठा फिरवत राहिले, तंबाखू नसताना. मग म्हणाले, "शांते, हिकडं ये. म्या काय बी पाहिलं नाय. हिनं दावलंच नाय, तुम्ही दावू दिलं नाय. माझी माय बी अशीच भिताडं चाचपत मेली. तवा कुठं व्हती दुर्बीण?"

खाली टँकर आला होता, त्याचा पाइप टाकल्याचा आवाज तेवढा झाला. आक्का तशीच उभी, पायाखाली कुरडयांचा चुरा. एवढ्या माणसांसमोर आबांनी स्वतःची माशी मारली होती. ती परत त्यांच्या तोंडात येणार नव्हती आणि हे संध्याकाळपर्यंत गावात पोचणार होतं, आमच्या लोकांना फोन फुकट आहेत.

त्याच दिवशी आक्काला दाखवलं. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू बरीच गेली आहे, उजव्यात सुरुवात आहे. गेलेलं येत नाही. उरलेलं राहू शकतं, थेंब न चुकता घातले तर. तीन वर्षांपूर्वी आली असती तर कदाचित सगळंच राहिलं असतं, हे डॉक्टर म्हणाले नाहीत, मी मनात म्हणत राहिले, रिक्षात, जिन्यात, कणीक मळताना. मला वाटलं, आता माझा राग उतरेल. कसला उतरतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आक्का आपणहून गच्चीवर आली, आबांचा हात धरून, की आबांनी तिचा धरून, कळत नव्हतं. आबांच्या खांद्यावरची घोंगडी काढून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि दुर्बिणीपाशी येऊन थांबली. मी चकती काढून उजेडाकडं धरली, तिलाही धरायला लावली, परत बसवली. आधी झाकण, मग डोळा, म्हटलं. ती घोंगडीत गेली. मला तिचा श्वास ऐकू येत होता. डाग होता त्या दिवशी, एकच, मध्यापासून जरा वर, फार मोठा नाही. मी काही सुचवलं नाही. दिसला नाही तर नाही, मी का सांगू?

आबांना राहवलं नाही. खुर्चीत पुढं वाकून त्यांनी विचारलं, "हाय का गं?"

घोंगडीचा कोपरा सरकला, तिनं तो आत ओढून घेतला. मग आक्का म्हणाली, "हाय, आबा."

"केवढा?"

ती आतच होती, तोंड दिसत नव्हतं. "माशीएवढा," ती म्हणाली, आणि घोंगडी हलायला लागली.

आबा मागं टेकले. "मंग तवा कामून हसत व्हतीस?" एवढंच त्यांनी विचारलं, अगदी हळू. तासभर ती घोंगडीतून बाहेर आलीच नाही. नऊ वाजत आले होते, स्लॅब तापायला लागला होता, आणि त्या दिवशीचं माझं वर्तुळ अजून कोरं होतं.